यार्देनवर येशूचा अभिषेक: देवपुत्राला आत्म्याच्या सामर्थ्याची गरज होती का?

पारिजातक (धागाकर्ता)

ख्रिस्ती धर्माविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात येशूचा जन्म, डोंगरावरील प्रवचन, क्रूस आणि पुनरुत्थान यांवर पुष्कळ मजकूर सापडतो. पण यार्देन नदीवर योहानाच्या हातून बाप्तिस्मा घेतल्यानंतर येशूवर पवित्र आत्मा उतरला, हा प्रसंग बहुतेक लेखक एका वाक्यात आटोपतात. माझ्या मते शुभवर्तमानांचा गाभाच तिथे आहे. ‘मशीहा’ म्हणजे अभिषिक्त, आणि नव्या कराराच्या म्हणण्याप्रमाणे येशूचा अभिषेक तेलाने नव्हे, तर आत्म्याने झाला. कैसरियात कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी येशूचा शिष्य पेत्र याने येशूची ओळख करून दिली ती याच शब्दांत: देवाने नासरेथच्या येशूला पवित्र आत्म्याने व सामर्थ्याने अभिषेक केला, आणि तो सत्कर्मे करीत व सैतानाने गांजलेल्यांना बरे करीत फिरला, कारण देव त्याच्याबरोबर होता (प्रेषितांची कृत्ये १०:३८).

आता ज्याला ख्रिस्ती लोक देवाचा सनातन पुत्र मानतात, त्याला वरून सामर्थ्य मिळण्याची गरज काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. तो फार जुना प्रश्न आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने त्रिफो नावाच्या यहुदी गृहस्थाशी झालेला संवाद लिहून ठेवला, त्यात त्रिफो नेमके हेच विचारतो. जुन्या करारातील संदेष्टा यशया याच्या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात इशायाच्या, म्हणजे दावीद राजाच्या बापाच्या, बुंध्यातून फुटणाऱ्या अंकुरावर ज्ञानाचा, सुज्ञतेचा, मसलतीचा, बळाचा आत्मा येऊन राहील असे म्हटले आहे. जो आधीपासूनच देव आहे त्याला या देणग्यांची उणीव असल्यासारखे हे वर्णन का, असे त्याचे म्हणणे आहे. जस्टिन या प्रश्नाची आधी प्रशंसा करतो आणि मग उत्तर देतो की, येशूला गरज होती म्हणून नव्हे, तर संदेष्ट्यांना विभागून मिळालेल्या त्या शक्ती त्याच्या ठायी विसावाव्यात आणि पुढे त्याच्याकडून विश्वासणाऱ्यांना मिळाव्यात म्हणून आत्मा त्याच्यावर आला.

जस्टिनचे उत्तर मला अर्धेच पटते. देणग्या येशूकडून इतरांना मिळाल्या, हे खरेच. परंतु ‘गरज नव्हती’ असे म्हणून थांबलो तर शुभवर्तमानांतील कितीतरी वाक्ये निव्वळ देखाव्याची ठरतात. मार्क सांगतो की, आत्म्याने येशूला लगेच अरण्यात घालवले, आणि तिथे त्याने वापरलेले क्रियापद भुते घालवण्यासाठीही येते, इतके ते जोरकस आहे. लूक सांगतो की, येशू प्रार्थना करीत असताना आत्मा उतरला, तो आत्म्याने परिपूर्ण होऊन यार्देनहून परतला, चाळीस दिवस आत्म्याच्या प्रेरणेने अरण्यात राहिला आणि आत्म्याच्या सामर्थ्याने गालीलात आला. एवढ्या थोड्या ओळींत लूकने आत्म्याचे नाव इतक्या वेळा घेतले, ते काही उगाच नव्हे.

मग नासरेथ येते. शब्बाथ दिवशी येशू आपल्या रिवाजाप्रमाणे सभास्थानात जातो, वाचायला उभा राहतो, त्याच्या हाती यशयाचा ग्रंथपट दिला जातो, तो उलगडून तो ठरावीक जागा काढतो. प्रभूचा आत्मा माझ्यावर आहे, कारण दीनांना सुवार्ता सांगण्यासाठी त्याने मला अभिषेक केला आहे. बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, ठेचलेल्यांना मोकळीक आणि प्रभूच्या कृपेचे वर्ष जाहीर करण्यासाठी त्याने मला पाठवले आहे, असा तो भाग आहे. पट गुंडाळून तो सेवकाकडे परत देतो आणि खाली बसतो. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर खिळलेले असतात. यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायात ‘कृपेचे वर्ष’ यानंतर लगेच ‘आमच्या देवाचा सूड घेण्याचा दिवस’ असे शब्द आहेत, आणि येशूचे वाचन त्याच्या आधीच थांबते. शिवाय ठेचलेल्यांना मोकळे करण्याची ओळ एकसष्टाव्या नव्हे, तर अठ्ठावन्नाव्या अध्यायातली आहे. ती लूकच्या पाठात इथे येऊन बसली आहे. अभिषेक कशासाठी झाला याचे येशूच्याच तोंडचे उत्तर हे असे आहे, आणि माझ्या दृष्टीने त्रिफोच्या प्रश्नाची उकल इथून सुरू करावी लागते. जाणकारांनी यात भर घालावी, अशी विनंती आहे.

गोदातीर

या चर्चेला जुन्या कराराची पार्श्वभूमी जोडणे आवश्यक वाटते, कारण नासरेथच्या श्रोत्यांच्या कानांत तीच असणार. इस्राएलात राजाच्या मस्तकावर तेल ओतले जाई आणि त्याबरोबर देवाचा आत्मा त्याच्यावर येई, अशी श्रद्धा होती. शमुवेलाने बेथलेहेमात दाविदाला त्याच्या भावांदेखत अभिषेक केला, त्या दिवसापासून परमेश्वराचा आत्मा दाविदावर येऊ लागला. आणि लगेच पुढच्याच वचनात परमेश्वराचा आत्मा दाविदाच्या आधीचा राजा शौल याला सोडून गेला, असे लिहिले आहे (१ शमुवेल १६:१३-१४). शास्त्यांच्या, म्हणजे राजांपूर्वीच्या पुढाऱ्यांच्या, ग्रंथात गिदोन, इफ्ताह, शमशोन यांच्यावरही आत्मा येतो, पण तो एखाद्या लढाईपुरता किंवा संकटापुरता. म्हणूनच एकावन्नाव्या स्तोत्रात, आपला पवित्र आत्मा माझ्यातून काढून घेऊ नकोस, अशी कळवळून केलेली विनवणी आहे. दिलेला आत्मा परत जाऊ शकतो, ही धास्ती त्या प्रार्थनेत स्पष्ट दिसते.

या पार्श्वभूमीवर योहानाच्या शुभवर्तमानातील साक्ष वाचावी. बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतो की, आत्मा कबुतरासारखा स्वर्गातून उतरताना मी पाहिला आणि तो त्याच्यावर राहिला. हे ‘राहिला’ तो दोनदा सांगतो, आणि ज्याच्यावर आत्मा उतरून राहील तोच पवित्र आत्म्याने बाप्तिस्मा करणारा, ही खूण आपल्याला आधी सांगितली गेली होती असेही म्हणतो. पुढे तिसऱ्या अध्यायात, देव आत्मा मोजून मापून देत नाही, असे वाक्य आहे. राजे आणि शास्ते यांच्याहून येशूचे वेगळेपण या टिकून राहण्यात आहे.

आणखी एक गोष्ट. आत्म्याने अभिषिक्त झालेल्या दूताची वाट पाहणारे त्या काळी इतरही होते. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या अकराव्या गुहेत मिळालेल्या मल्कीसदेकविषयीच्या लेखात लेवीय ग्रंथातले सुटकेचे वर्ष आणि यशयाचा एकसष्टावा अध्याय एकत्र गुंफलेले असून ‘आत्म्याने अभिषिक्त’ अशा एका सुवार्तिकाचा उल्लेख आहे. चौथ्या गुहेतील दुसऱ्या एका लेखात मशीहाच्या काळाचे वर्णन करताना आंधळ्यांना दृष्टी, मेलेल्यांना जीवन आणि दीनांना सुवार्ता या गोष्टी एकापाठोपाठ येतात. तुरुंगातल्या योहानाला येशूने पाठवलेला निरोप (लूक ७:२२) त्याच्याशी विलक्षण जुळतो.

माळकरी

मी वारकरी घरातला आहे आणि हा विषय माझ्यासाठी नवा आहे, तरी दोन्ही प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. आमच्याकडे अवतार जन्मापासूनच अवतार असतो; बाळकृष्णाच्या लीला आम्ही त्याच भावनेने गातो. तुमच्या वर्णनावरून मला असे वाटले की, तीस वर्षांचा एक माणूस नदीवर आला आणि त्या दिवशी त्याच्यात दैवी शक्ती आली. ख्रिस्ती शिकवण खरोखर अशी आहे का? म्हणजे त्याआधी येशू आपल्यासारखाच केवळ माणूस होता, असे मानायचे का?

पारिजातक

माळकरी, तुम्ही अगदी नेमक्या जागी बोट ठेवले आहे, कारण प्रारंभीच्या शतकांत काही मंडळींनी हेच मत मांडले होते आणि चर्चने ते नाकारले. सेरिंथस याची शिकवण दुसऱ्या शतकातील बिशप इरेनियसने नोंदवली आहे: येशू हा योसेफ व मरिया यांचा मुलगा, इतरांपेक्षा नीतिमान व शहाणा, बाप्तिस्म्यानंतर ‘ख्रिस्त’ नावाची स्वर्गीय शक्ती कबुतराच्या रूपाने त्याच्यात शिरली आणि दुःखसहनाआधी त्याला सोडून निघून गेली, त्यामुळे क्रूसावर केवळ माणूस मेला. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस कातडी कमावण्याचा व्यवसाय करणारा थिओडोटस बिझँटियमहून रोमला आला. तो कुमारीपासून झालेला जन्म मानत असे, पण यार्देनपूर्वी येशूच्या ठायी काही अद्भुत सामर्थ्य नव्हते असे शिकवी. रोमचा बिशप व्हिक्टर याने त्याला मंडळीबाहेर घातले.

नाकारण्याचे कारण लूकच्या पहिल्या अध्यायातच आहे. देवदूत मरियेला सांगतो की, पवित्र आत्मा तुझ्यावर येईल आणि परात्पराचे सामर्थ्य तुझ्यावर छाया करील, म्हणून जन्मणाऱ्याला देवाचा पुत्र म्हणतील. तेव्हा आत्म्याशी येशूचे नाते गर्भापासूनचे आहे. यार्देनवर तो पुत्र झाला नाही, तर पुत्र म्हणून जाहीर झाला आणि कामावर पाठवला गेला. स्वर्गातून आलेल्या वाणीत दुसऱ्या स्तोत्रातील ‘तू माझा पुत्र आहेस’ हे राजाला उद्देशून म्हटलेले शब्द आहेत आणि यशयाच्या बेचाळिसाव्या अध्यायातील ‘ज्याच्याविषयी माझा जीव संतुष्ट आहे’ या सेवकाच्या वर्णनाचा सूरही आहे. त्या सेवकाविषयी लगेच पुढे, मी आपला आत्मा त्याच्यावर ठेवला आहे, असे म्हटले आहे. राजा आणि सेवक ही दोन कामे तिथे एकाच माणसाच्या खांद्यावर आली.

बाळलीलांची तुम्ही आठवण काढली म्हणून सांगतो. मातीच्या चिमण्या करून त्या उडवणाऱ्या बाळ येशूच्या कथा नंतरच्या काही ग्रंथांत आहेत, परंतु चर्चने ते ग्रंथ आपल्या शास्त्रात घेतले नाहीत. चारही मान्य शुभवर्तमानांत यार्देनपूर्वीचा एकही चमत्कार नाही. शुभवर्तमानकार योहान तर काना गावातील लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला, तोच येशूच्या चिन्हांचा आरंभ म्हणतो. बालपणाविषयी लूक एवढेच म्हणतो की, तो ज्ञानाने, शरीराने आणि देवाच्या व माणसांच्या कृपेत वाढत गेला. मला हे मौन अतिशय अर्थपूर्ण वाटते. नासरेथमधली ती सगळी वर्षे एका देवपुत्राने माणसाचे साधे जीवन माणूस म्हणूनच काढली, आणि सेवेची वेळ आली तेव्हाही त्याने सामर्थ्य स्वतःच्या अधिकाराने उचलले नाही, तर प्रार्थना करीत असताना पित्याकडून स्वीकारले.

चिकित्सक

धागाकर्त्यांच्या शेवटच्या वाक्याला मला हरकत घ्यावीशी वाटते. सामर्थ्य बाहेरून स्वीकारले असे म्हणताना आपण नेस्टोरियसच्या, म्हणजे येशूतला देव आणि माणूस वेगळे पाडल्याचा ठपका ज्याच्यावर आला त्या बिशपाच्या, वाटेने जात नाही ना, हे पाहायला हवे. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याने ४३० मध्ये नेस्टोरियसला पाठवलेल्या बारा निषेधांतील नववा याच मुद्द्यावर आहे: येशू ख्रिस्ताने आत्म्याचे सामर्थ्य जणू परके म्हणून वापरले आणि भुतांवर सत्ता त्याच्याकडून उसनी मिळवली असे जो म्हणेल, आणि आत्मा हा ख्रिस्ताचा स्वतःचाच आहे असे म्हणणार नाही, त्याचा निषेध असो. पुढच्याच वर्षी एफेसच्या परिषदेत सिरिलची बाजू उचलून धरली गेली. येशूला आपण फक्त आत्म्याने भरलेला माणूस ठरवले, तर तो एलियाच्या किंवा अलिशाच्या रांगेतला सर्वांत मोठा संदेष्टा होतो, त्याहून अधिक काही राहत नाही. हे मत सौम्य शब्दांत आजही अनेक व्यासपीठांवरून मांडले जाते, म्हणून ही सावधगिरी.

सिरिलवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो की, योहानावरील भाष्यात त्याने यार्देनचा अर्थ फार सुंदर लावला आहे. पापामुळे माणसाच्या ठायी आत्म्याला राहता येईना. मग जो पाप जाणत नव्हता अशा एका माणसाच्या ठायी तो पुन्हा येऊन राहिला, आणि मानवजात त्या एकाच्या द्वारे आत्म्याच्या वास्तव्याला पुन्हा योग्य झाली. म्हणजे आत्मा स्वीकारला तो माणूस म्हणून, आमच्यासाठी. देव म्हणून तो आत्मा त्याचाच होता.

पारिजातक

हरकत महत्त्वाची आहे. आत्मा येशूला परका नव्हता, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु सिरिलच्या भाष्याविषयीचा तुमचा दुसरा परिच्छेद माझ्याच बाजूचा आहे, असे मी म्हणेन. ‘माणूस म्हणून स्वीकारला’ हे आपण मनापासून म्हणत असू, तर त्या स्वीकारण्याला येशूच्या प्रत्यक्ष जीवनात काही काम असले पाहिजे. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात आंधळा व मुका असा एक भूतग्रस्त बरा होतो, तेव्हा परुशी पंथाचे यहुदी म्हणतात की, हा भुतांच्या अधिपतीच्या साहाय्याने भुते काढतो. येशूचे उत्तर ‘मी देव आहे म्हणून काढतो’ असे नाही. मी देवाच्या आत्म्याच्या साहाय्याने भुते काढीत आहे, तर देवाचे राज्य तुमच्यावर आले आहे, असे तो म्हणतो. आत्म्याविरुद्धच्या निंदेला क्षमा नाही, हे कठोर वचन याच वादात, याच कारणाने येते: ज्या आत्म्याने बंदिवान सुटत आहेत त्यालाच सैतान म्हटले, तर सुटकेची वाटच आपण नाकारतो. हे वचन संदर्भ सोडून कोवळ्या मनांना भीती घालण्यासाठी वापरले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

सतराव्या शतकातील इंग्रज प्युरिटन जॉन ओवेन याने १६७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पवित्र आत्म्यावरील ग्रंथात हा गुंता बारकाईने सोडवला आहे. त्याच्या मते पुत्राने मानवी स्वभावावर स्वतः थेट केलेली एकमेव कृती म्हणजे तो स्वभाव धारण करणे. त्यानंतर त्या स्वभावाची वाढ, पावित्र्य, ज्ञान, चमत्कारांचे सामर्थ्य आणि क्रूसावरील आत्मसमर्पण हे सर्व पवित्र आत्म्याच्या द्वारे घडले. व्यक्ती एकच, तीही देवपुत्राची. परंतु त्या व्यक्तीचे माणूसपण आपल्यासारखेच आत्म्यावर अवलंबून. एलियाच्या रांगेत तो बसत नाही, कारण एलिया आत्मा देऊ शकत नव्हता आणि येशू देतो. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर आत्मा उतरला त्या दिवशी, पेत्र म्हणतो तो क्रमही तसाच आहे: पित्यापासून आत्म्याचे वचन त्याला मिळाले आणि त्याने ते ओतले.

सोपारा

वसईच्या कॅथलिक परंपरेत वाढलेल्या माझ्यासारख्याला हा विषय ग्रंथांपेक्षा उपासनेतून अधिक ठाऊक आहे. पवित्र सप्ताहात बिशप आपल्या सर्व धर्मगुरूंसह वर्षभराची तेले आशीर्वादित करतात, त्या मिस्सेत पहिले वाचन यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायाचे असते आणि शुभवर्तमान लूकच्या चौथ्या अध्यायातील, म्हणजे नासरेथच्याच प्रसंगाचे. ऑलिव्हच्या तेलात सुगंधी बाल्सम मिसळतात आणि बिशप त्या पात्रावर फुंकर घालतात. बाप्तिस्म्यानंतरच्या दृढीकरण या संस्काराच्या वेळी तेच तेल आमच्या कपाळाला लागते, आणि त्या वेळी आत्म्याची जी सात दाने मागितली जातात ती इशायाच्या अंकुराविषयीच्या यशयाच्या वचनातून आलेली आहेत. हिब्रू पाठात ती सहा मोजली जातात. ग्रीक व लॅटिन पाठांत भक्तिभाव वेगळा मोजल्याने सात झाली. मशीहाच्या अंगावरचा अभिषेक शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या मुलांपर्यंत पोचतो, हे आम्ही लहानपणीच कपाळावर अनुभवलेले असते.

रोमहून इटलीच्या पूर्व किनाऱ्याकडे गेले की राव्हेन्ना शहर लागते. तिथे येशूच्या बाप्तिस्म्याची दोन जुनी घुमटचित्रे आहेत, एक कॅथलिकांच्या बाप्तिस्मागृहात आणि दुसरे राजा थिओडोरिकच्या काळातील एरियनांच्या, म्हणजे येशूला पित्याच्या बरोबरीचा देव न मानणाऱ्यांच्या. येशूच्या देवत्वाबद्दल ज्यांचे इतके टोकाचे मतभेद होते, त्या दोघांनीही माथ्यावर हाच क्षण निवडला. एरियन चित्रातला येशू तरुण, दाढी नसलेला, कमरेपर्यंत पाण्यात उभा आहे; वरून सरळ खाली झेपावणाऱ्या कबुतराच्या चोचीतून त्याच्या मस्तकावर धार पडते आहे, आणि बाजूला यार्देन नदी एका वृद्ध पुरुषाच्या रूपात बसलेली आहे.

भीमथडी

महाराष्ट्राचा या शिकवणीशी थेट संबंध आला तो केडगावात. १९०५ च्या जूनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या प्रार्थनासभांतून आत्मिक जागृती झाली. रडून पापांची कबुली देणे, तासन्‌तास प्रार्थना, आत्म्याच्या अग्नीचा अनुभव यांच्या नोंदी आहेत. लॉस एंजेलिसमधील अझुसा स्ट्रीटची प्रसिद्ध जागृती १९०६ ची, म्हणजे केडगावनंतरची. केडगावात काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये आत्म्याच्या व अग्नीच्या बाप्तिस्म्यावर पुस्तिका लिहिली, ती दूरवर पोचली.

आत्म्याच्या अशा अनुभवावर भर देणारी पेन्टेकॉस्टल मंडळी येशूच्या जीवनाकडे नमुना म्हणून पाहतात: तो आत्म्याने जन्मला आणि नंतर सेवेसाठी आत्म्याने समर्थ झाला, तसेच विश्वासणाऱ्याचेही दोन टप्पे असतात. इतर अनेक चर्चना ही दोन टप्प्यांची मांडणी मान्य नाही, आणि मलाही ती पूर्णपणे पटत नाही, कारण येशूचा अभिषेक हा एकमेव मशीहाचा अभिषेक आहे. त्याची जशीच्या तशी नक्कल प्रत्येकाच्या आयुष्यात शोधणे योग्य नव्हे. मात्र एक गोष्ट मला या सर्व वादाहून मोठी वाटते. मुक्तीमध्ये आत्मा मागणाऱ्या त्या मुली कोण होत्या? दुष्काळातून वाचवून आणलेल्या, बालविधवा, घरादाराने टाकलेल्या. नासरेथमध्ये वाचलेल्या यादीत त्यांचेच नाव होते. आत्म्याचा अनुभव आणि दीनांची सुवार्ता रमाबाईंच्या अंगणात एकमेकींपासून वेगळ्या पडल्या नाहीत. आज अनेक सभांत त्या वेगळ्या पडलेल्या दिसतात आणि सामर्थ्य म्हणजे फक्त मोठा आवाज व बरे होण्याचे जाहीर कार्यक्रम उरतात, तेव्हा दुःख होते.

माळकरी

सर्वांचे आभार. शेवटचा एक प्रश्न. सेरिंथसच्या मते ती शक्ती क्रूसाआधी निघून गेली. तुमच्या मते आत्मा त्याच्यावर राहिला, तर मग क्रूसावर सामर्थ्य कुठे दिसते? तिथे तर तो, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, असे ओरडतो.

पारिजातक

शौलाला आत्मा सोडून गेला तसा तो येशूलाही सोडून गेला, असे त्या आरोळीवरून वाटू शकते, आणि सेरिंथसने काढलेला मार्ग त्यामुळेच मोहक आहे. पण इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात म्हटले आहे की, ख्रिस्ताने सनातन आत्म्याच्या द्वारे स्वतःला निष्कलंक असे देवाला अर्पण केले. काही भाष्यकार इथे ‘आत्मा’ म्हणजे ख्रिस्ताचा स्वतःचा सनातन स्वभाव असा अर्थ घेतात. मला मात्र पवित्र आत्मा हाच अर्थ अधिक सुसंगत वाटतो, कारण ज्या आत्म्याने त्याला अरण्यात भुकेल्या पोटी परीक्षेला नेले, त्याच आत्म्याने त्याला तिथवर नेले, असा लूकच्या पहिल्या अध्यायापासूनचा प्रवास आहे. अरण्यात सैतानाने सामर्थ्य वापरून धोंड्यांच्या भाकरी करायला सांगितले, क्रूसाखाली लोकांनी खाली उतरून ये म्हटले, आणि दोन्ही वेळा आत्म्याने भरलेल्या त्या माणसाने पित्याची आज्ञा पाळली. ही आज्ञाधारकता हेच त्याचे सामर्थ्य, असे मी समजतो. त्यातली वेदना कमी झाली असे मी म्हणत नाही. ती आरोळी खरी आहे.

पुढे पौल रोमकरांस लिहितो की, येशूला मेलेल्यांतून उठवणाऱ्याचा आत्मा तुमच्यामध्ये वसत आहे. आणि योहानाच्या विसाव्या अध्यायात, दारे बंद करून भीतीने बसलेल्या शिष्यांमध्ये येशू उभा राहतो, आधी आपले हात व कूस दाखवतो, पिता मला पाठवतो तसे मी तुम्हांला पाठवतो असे म्हणतो, आणि मग त्यांच्यावर फुंकर घालून सांगतो की, पवित्र आत्मा घ्या. बिशप तेलावर घालतात ती फुंकर मला याच प्रसंगाशी जोडलेली वाटते. सोपारा यांना त्याविषयी उपासनेतील अधिक तपशील ठाऊक असतील, तर ते वाचायला मला आवडेल.